शिवणाच्या निमित्ताने

आठवड्यातल्या एखाद्या दुपारी शेजारच्या काकू पिशवीत सुया, दोरे आणि अर्धवट विणलेला टेबलक्लॉथ टाकून निघतात. कुठे चाललात विचारलं, तर म्हणतात, "मंडळाला जाऊन येते." दोन तासांनी परततात, तेव्हा टेबलक्लॉथ जेमतेम चार बोटं पुढे सरकलेला असतो. तुमच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो: दोन तासांत एवढंच? ऑनलाइन तर तयार मिळतो, तोही घरपोच!

मित्रमैत्रिणींनो, आज या हिशेबाबद्दलच बोलायचं आहे. कारण तो चुकतो आहे, आणि तो चुकला तर आपल्या गावातली एक मोलाची गोष्ट आवाज न करता बंद पडेल.

आपल्या जिल्ह्यात, विशेषतः नवापूर, चिंचपाडा या पट्ट्यात, ख्रिस्ती समाज नवा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम उभं राहिलं. चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल 1942 सालचं, म्हणजे जिल्ह्याहून कितीतरी मोठं. जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला 'मंडळी' म्हणतो. घरी पाहुणे आले की आपणही म्हणतोच, मंडळी आली. शब्दाचा अर्थच जमलेली माणसं. रविवारची उपासना सगळ्यांना दिसते. पण आठवड्याच्या मध्ये होणाऱ्या महिला सभा, घरोघरच्या प्रार्थना, प्रौढांच्या सहभागितेच्या बैठका बाहेरच्याला दिसत नाहीत. अशा बैठकींना जोडून कुठे शिवण चालतं, कुठे क्रोशे, कुठे भरतकाम, कुठे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. नाताळ जवळ आला की त्यातलं काही विकायला मांडलं जातं, काही एखाद्या बाळंतिणीला किंवा आजारी माणसाला भेट जातं.

प्रार्थनेला हाताच्या कामाची जोड मिळाली, त्याला मुळं आहेत. बायबलमध्ये 'प्रेषितांची कृत्ये' नावाचं पुस्तक आहे. त्याच्या नवव्या अध्यायात टबीथा नावाची बाई भेटते. तिचंच दुसरं नाव दुर्कस, इंग्रजीत डॉर्कस. ती वारल्यावर गावातल्या विधवा रडत जमतात आणि तिने शिवलेले कपडे दाखवतात. तिचं मोठेपण सांगायला त्यांच्याकडे तेवढाच पुरावा आहे, आणि तो पुरेसा आहे. याच पुस्तकात पौल करिंथला जातो, तेव्हा अक्विला आणि प्रिस्किला या जोडप्याकडे उतरतो. कारण साधं: तिघांचा धंदा एक, तंबू करण्याचा. म्हणजे आधी एकत्र काम, मग एकत्र बोलणं. आपल्याकडे तरी वेगळं काय? नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी. देवाचं नाव घ्यायला हातातलं काम टाकावं लागतं, असं आपल्या संतांना कधी वाटलं नाही.

महाराष्ट्रातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण केडगावचं. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या निराधार मुली आणि विधवांना आणलं आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास मुली-बायका होत्या. पुढच्या दुष्काळात गुजरातेतूनही आल्या. एवढ्या जणींना नुसतं जेवू घालणं हेच केवढं काम! पण रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, शेती, छापखाना अशी कितीतरी कामं तिथे बायका शिकल्या आणि त्यांनीच चालवली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्याची छपाई याच बायकांच्या हातून झाली. रमाबाई 1922 मध्ये वारल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. ज्यांना घराने टाकलं होतं, त्यांच्या हाताने अख्खा ग्रंथ छापला गेला.

आता कुणी म्हणेल, तो काळ वेगळा होता, तेव्हा पोटाचा प्रश्न होता. आज कापड दुकानात मिळतं, मग सुई कशाला? बरोबर प्रश्न आहे. उत्तरासाठी आपल्या आजीच्या जात्याकडे जाऊ. पहाटे दोघीतिघी जात्यावर बसत आणि ओव्या गात. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले. हे चांगलंच झालं, जातं परत आणा असं कुणी म्हणणार नाही. पण जात्याबरोबर ती बैठकही गेली. सासरचा जाच, माहेरची ओढ, पोटातलं दुःख जिथे मोकळं होई, ती जागा गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत खेड्यापाड्यांतून या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाहून अधिक भरल्या! बायकांच्या मनात एवढं होतं, आणि ते बाहेर यायला हाताला काम आणि शेजारी दुसरी बाई लागत होती.

चर्चमधला शिवणाचा गट नेमकी हीच जागा धरून आहे. समोरासमोर बसून "तुला काय दुःख आहे?" असं विचारलं, तर कुणी सांगत नाही. नजर टाक्यावर असली की माणूस बोलतो. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात हे पुरुषांच्या बाबतीत ओळखलं गेलं. निवृत्त, एकटे पडलेले पुरुष जमून लाकूडकाम, दुरुस्ती करतील, अशा शेड गावोगाव निघाल्या. 'मेन्स शेड' म्हणून त्या आता बऱ्याच देशांत पोचल्या आहेत. टेबल-खुर्च्या दुरुस्त करता करता हे बाबा लोक आजारपणाबद्दल, वारलेल्या बायकोबद्दल बोलू लागले. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2025 च्या अहवालात म्हटलं आहे, की जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे. आपल्याला वाटतं हे लंडन-न्यूयॉर्कचं दुखणं. पण जरा आपल्या पाड्यावर बघा. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी गुजरातकडे गाड्या भरून जातात. शिकलेली पोरं नाशिक, सुरत, पुणे गाठतात. मागे राहतं कोण? म्हातारी माणसं. त्यांच्यातली एखादी बाई लागोपाठ दोन आठवडे बैठकीला आली नाही, तर तिची जागा रिकामी दिसते आणि कुणीतरी तिच्या घरी जाऊन येतं. तापाने पडली आहे का, मुलाचा फोन आला नाही म्हणून रुसून बसली आहे का, हे कळतं. टेबलक्लॉथच्या किमतीत हे कुठे लिहिणार?

म्हणून या गटांची बाजू घ्यायची. मात्र डोळे मिटून घ्यायची नाही. दोन गोष्टी स्पष्ट विचारायला हव्यात.

पहिली, पैशाची. नाताळच्या विक्रीतून आलेली रक्कम कुणाच्या हातात जाते? दोरा कितीचा, तास किती, उरले किती, याची वही आहे का? 'सेवा' म्हटलं की हिशेब विचारायचा नाही, ही सवय सगळ्याच धर्मांत आहे आणि तिचा भार बहुतेक वेळा बायकांवर पडतो. बचत गटात वही सगळ्यांसमोर उघडते, इथेही उघडावी. काही वस्तू भेट द्यायच्या असतील तर खुशाल द्या, पण तो निर्णय शिवणारणींचा असू द्या.

दुसरी, दाराची. धर्मांतराचा विषय आपल्या जिल्ह्यात किती तापतो, हे तुम्ही पाहताच. तेव्हा नियम सरळ हवा: शिलाई शिकायला आलेल्या बाईला धर्म विचारायचा नाही, आणि शिकवण्याच्या बदल्यात तिने प्रार्थनेला बसावं अशी अट घालायची नाही. हे गटांना सांगणं झालं. आता बाकीच्यांना: प्रत्येक शिलाई मशीनमागे कट शोधत फिरू नका. आपल्या संविधानाचं कलम 25 प्रत्येकाला स्वतःच्या सद्सद्विवेकाने धर्म मानण्याचं, पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. चार बायका प्रार्थना करून गोधडी शिवतात, याने कुणाचंही काही बिघडत नाही. नवापूरच्या स्टेशनचं उदाहरण तर आपल्या रोजच्या पाहण्यातलं. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, बाकावरसुद्धा हद्द. तरी बसणारे सरकून एकमेकांना जागा देतातच ना!

आणि तुम्ही काय करायचं? तुम्ही ज्या विद्यापीठाची पदवी घेणार आहात, त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांना गाणी सुचली. ती आज आपल्यापर्यंत आहेत, कारण त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका तरुण नातलगाने ती ऐकून उतरवून ठेवली. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि पुस्तक 1952 मध्ये आलं. घरातली शिकलेली पोरं शेजारी बसली नसती, तर?

शेजारी बसणं, एवढंच मागणं आहे. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत घरी आलात, की एक दुपार तुमच्या आईच्या, आजीच्या बैठकीला द्या. मंडळी ख्रिस्ती असेल तर चर्चच्या गटात बसा. नसेल तर भजनी मंडळ आहे, बचत गट आहे, अंगणात बांबूची टोपली विणणारे आजोबा आहेत. पहिल्याच दिवशी मोबाईल काढून रील करू नका. त्यांना न विचारता 'ब्रँड' काढायचा सल्लाही देऊ नका. आधी सुईत दोरा ओवून द्या. म्हाताऱ्या डोळ्यांना ते सर्वांत अवघड जातं. गोधडीचा धावदोरा कडेने फिरत आत कसा जातो ते शिका. कुठल्या टाक्याला तुमच्या मावचीत, पावरीत, कोकणीत, अहिराणीत काय म्हणतात ते वहीत लिहा. हे शब्द कुठल्याच ॲपमध्ये मिळणार नाहीत. मग त्यांनी मागितलंच तर तुमची विद्या द्या: हिशेबाची वही नीट मांडून द्या, यूपीआय कसं वापरायचं ते दाखवा, विक्रीचा फलक लिहून द्या.

आणखी एक. या गटांत पुरुष फारसे दिसत नाहीत. गावात सुतारकाम येणारे, पेटी-ढोलकी दुरुस्त करणारे, दोरखंड वळणारे बाबा-काका आहेत. त्यांना एक ओसरी, थोडी हत्यारं आणि ठरलेला वार मिळाला, तर तेही बसतील. ही खटपट चर्चच्या तरुण संघाने करावी, कॉलेजच्या एनएसएसने करावी, नाहीतर तुमच्या कट्ट्यावरच्या पाच जणांनी. फार पैसा लागत नाही. ठरलेला वार मात्र चुकता कामा नये, कारण वार चुकला की माणसं सुटतात.

येत्या आठवड्यात काकू पुन्हा पिशवी घेऊन निघतील. टेबलक्लॉथ किती झाला हे विचारण्याआधी विचारा, "आज कोण कोण आलं होतं? कोण आलं नाही?" त्या काय सांगतात ते ऐका. आणि जी आली नाही, तिचं घर तुमच्या वाटेवर असेल, तर जाता जाता डोकावून या.