दिवा कोणासाठी?

परतवाड्याहून कुठल्याही रस्त्याने निघा, समुद्र पाचशे किलोमीटरांच्या आत काही लागत नाही. तरीसुद्धा आमच्या नात्यातल्या, अमरावतीच्या एका उत्साही मुलाने घरात समुद्र आणायचं ठरवलं आहे. दोनशे लिटरची काचेची टाकी, विकतचं मीठ, आरओचं पाणी आणि त्यात म्हणे जिवंत कोरल. त्याचा फोन आला, "आबाजी, लाइट किती वॅटचा घेऊ?" निवृत्त मास्तरला लोक काहीही विचारतात आणि मास्तरही वाचून का होईना, उत्तर शोधतोच. शोधता शोधता माझं मत मात्र पक्कं झालं, की हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. आणि तो विचारणाऱ्यापेक्षा त्याला तो विचारायला शिकवणाऱ्यांचा, म्हणजे दुकानदारांचा आणि व्हिडिओवरच्या गुरुजींचा, दोष जास्त आहे.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचा हिशेब. बैल किती कडबा खातो यावरून तो किती नांगरतो हे ठरत नाही, तसंच हे! दुसरा शब्द ल्युमेन. तो माणसाच्या डोळ्याला दिवा किती प्रखर वाटतो ते सांगतो. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वात जास्त जाणवतो, निळा कमी. पण पोवळ्याचं पोट भरतं ते मुख्यतः निळ्यावर. म्हणजे आपण आपल्या डोळ्याच्या मापाने दुसऱ्याचं जेवण मोजतो आहोत.

पोट भरतं म्हणजे कसं? आपल्याकडे पोवळं म्हटलं की मंगळाची अंगठी आठवते. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत, खोल पाण्यात वाढतं. त्याला उजेड लागत नाही. टाकीत ठेवतात ती बहुतेक पोवळी निराळी. ती आहेत प्राणीच, पण त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळं राहतं. आपल्या वऱ्हाडी भाषेत सांगायचं तर पोवळं हा जमीनमालक आणि शेवाळ हा बटईदार. मालकाने राहायला जागा आणि खत द्यायचं, बटईदाराने उन्हावर साखर पिकवून बराचसा वाटा मालकाला द्यायचा. काही जातींचं तर नव्वद टक्क्यांपर्यंत अन्न या वाट्यातून येतं. म्हणून टाकीवरचा दिवा ही शोभा नव्हे, ते शेत आहे. समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश काही मीटरांतच विरतो, निळा खोलवर पोचतो. म्हणून या बटईदाराला निळ्याची सवय.

तेव्हा विचारायचं ते असं : पोवळं जिथे बसणार तिथे, पाण्याखाली, उपयोगी प्रकाश किती पोचतो? याला 'पार' नावाचं माप आहे. दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये मोजलेले. भर दुपारचं ऊन साधारण २००० भरतं. छत्रीसारख्या मऊ पोवळ्यांना ५० ते १०० पुरतं. मोठ्या तोंडाच्या कठीण पोवळ्यांना १०० ते १५०. फांद्याफांद्यांच्या ॲक्रोपोरासारख्या जातींना २०० ते ३५०. म्हणजे आधी पोवळं ठरवायचं, मग ते टाकीत कुठल्या उंचीवर बसणार ते, आणि सर्वात शेवटी दिवा. आपण नेमकं उलट करतो. आधी दिवा आणतो, मग त्याखाली काय जगेल ते शोधत बसतो. आधी मांडव आणि मग नवरा, असली ही गत!

आता दुसरा लाडका सल्ला : "सर्वात मोठा घेऊन टाका, पुढे कामी येईल." ऐकायला व्यवहारी वाटतो. पण उजेड जास्त झाला की तेच शेवाळ मालकाच्या पेशींना जाळणारा ऑक्सिजन तयार करतं, आणि पोवळं त्या बटईदाराला बाहेर काढतं. मग खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात हे मुख्यतः पाणी तापल्यामुळे होतं. १९९८ साली लक्षद्वीपने ते सोसलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर केलं. घरच्या टाकीत ते एका रात्रीत करता येतं. बटण शंभर टक्क्यांवर फिरवलं की झालं.

आमच्या भागातल्या संत्र्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. रोपवाटिकेच्या सावलीतली कलम आणून मे महिन्याच्या उन्हात उघडी लावा बरं! तो आधी आडोसा करतो. पोवळ्यालाही तेच. निम्म्याहून कमी उजेडावर सुरुवात, मग काही आठवडे हळूहळू वाढ, आणि दिवसाला आठ-दहा तास, रोज ठरल्या वेळी. आणि नवी टाकी तयार होईपर्यंतचे पहिले चार-सहा आठवडे तर दिवा लावायचीच गरज नाही. तेव्हा लावलेला उजेड फक्त काचेवरचं नकोसं शेवाळ वाढवतो. पण हे कोणी सांगत नाही, कारण न लावलेला दिवा विकता येत नाही.

तिसरी गोष्ट निळ्या झगमगाटाची. गर्द निळ्या दिव्याखाली पोवळी हिरवी-केशरी चमकतात, पाहुणे "अरे वा!" म्हणतात. निळा उजेड पोवळ्याला चालतो हे खरं. पण मंडप सजवणाऱ्याकडची स्वस्त निळी पट्टी आणून चिकटवली तर रंग मिळतो, जेवण मिळत नाही. मोबाइलवरच्या उजेड मोजायच्या ॲपवरही विसंबू नका, ती माणसाच्या डोळ्याच्या मापावर बनवलेली असतात आणि निळ्याला कमी मोजतात. दिव्याचा 'पार'चा तक्ता मागा, कोणत्या उंचीवरून आणि किती खोलीवर किती, असा. तो नसेल तर पिशवी उचला आणि घरी या.

इथवर सगळं तंत्राचं झालं. माझं खरं भांडण पुढेच आहे.

परतवाडा हे मेळघाटाचं दार. १९७४ पासून इथे व्याघ्रप्रकल्प आहे. परिशिष्ट एक म्हणजे काय, हे आमच्या सागवानाच्या डेपोवरच्या हमालालाही ठाऊक असतं. वाघाचं नख बाळगलं तर काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. पण किती जणांना माहीत आहे, की वन्यजीव कायद्याच्या त्याच पहिल्या परिशिष्टात २००१ सालापासून खडक बांधणारी सगळी कठीण पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखेही आहेत? वाघ आणि पोवळं एकाच पंगतीला! मुंबई महापालिकेला सागरी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीची पोवळी हलवायची होती, तेव्हा तिलासुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्या वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मग सरकारला जे विचारल्याशिवाय उचलता येत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत दिवाणखान्यापर्यंत कसं येतं?

यावर मला ठरलेली उत्तरं मिळतात. "आबाजी, अमेरिकेत तर घरोघरी असतात." असतात. तिथे टाकीतच वाढवलेल्या पोवळ्याचा तुकडा छंदी माणसं एकमेकांना देतात, आणि सीमेपलीकडून येणाऱ्या कठीण पोवळ्याला साइट्स कराराप्रमाणे परवाना लागतो. म्हणजे व्यवहाराला कागद असतो. तुमच्या दुकानदाराकडे तो कागद मागून पाहा. "इम्पोर्टेड आहे हो" हा कागद नव्हे. दुसरं उत्तर, "एका तुकड्याने समुद्राचं काय जातं?" सागवानाच्या एका ओंडक्याने मेळघाटाचं काय जातं, असंही विचारणारे होतेच की!

आणि तिसरं, "तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता, कधी पोवळं पाळलंय का?" नाही पाळलं. पण वऱ्हाडचा मे महिना मी सत्तरहून अधिक वेळा काढला आहे. पारा पंचेचाळिसाच्या वर, आणि पोवळ्याला हवं पंचवीस-सव्वीस अंशांचं पाणी. म्हणजे चोवीस तास पाणी थंड करणारं यंत्र. दीडशे वॅटचा दिवा नऊ तास लावला तर महिन्याला चाळीस युनिट नुसते दिव्याचे, यंत्राचे वेगळे. आणि दुपारी वीज गेली की उजेड, थंडावा, पाण्याचा प्रवाह, सगळं एकदम बंद. जो जीव बोलू शकत नाही, पळू शकत नाही, त्याला आपल्या विजेच्या तारेवर लटकवून ठेवायचं, आणि त्याला छंद म्हणायचं?

माझा विरोध छंदाला नाही. उलट मुलांनी मोबाइल ठेवून पाण्यात काय चाललंय ते पाहावं, असं मला मनापासून वाटतं. पण सुरुवात गोड्या पाण्यातल्या वनस्पतींनी करा ना! तिथेही हाच धडा आहे. कुठल्या पानाला किती उजेड, किती तास, किती खोल. दोन वर्षं ती हिरवी ठेवून दाखवा. तोवर खाऱ्या पाण्याची हौस असेल तर नुसते मासे पाळा, त्यांना साधा दिवा पुरतो. आणि पोवळं पाहायचंच असेल तर मालवणला जाऊन पाहा, त्यावर पाय न ठेवता.

दिवा पाहणाऱ्यासाठी निवडायचा की जगणाऱ्यासाठी, एवढाच प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर कुठलाही दुकानदार देईल. दुसऱ्याचं उत्तर द्यायला आधी त्या जीवाची ओळख करून घ्यावी लागते, आणि कधी कधी ओळख झाल्यावर त्याला आहे तिथेच राहू द्यावंसं वाटतं.

असो. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी जरूर लिहावं. नातेवाइकांनी फोनवर न रागावता इथेच प्रतिक्रिया द्यावी, म्हणजे चार जणांना वाचता येईल.