आकाशाच्या ताळेबंदाची रुजवात

सूर्याकडून येणाऱ्या आणि पृथ्वीकडून परत जाणाऱ्या प्रारणाचा हिशेब मांडणाऱ्या ज्या आज्ञावल्या हवामानबदलाच्या प्रत्येक भाकिताच्या मुळाशी असतात, त्यांचा कस हा केवळ विद्वत्परिषदांचा विषय आहे, अशी समजूत निदान पुणे जिल्ह्यात तरी असू नये. कारण पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेले, आणि जागतिक तुलनेत उतरलेले पहिले भारतीय हवामान-प्रारूप, अमेरिकेत घडलेल्या अशाच एका आज्ञावलीवर चालते.

बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण सरसकट शोषीत नाहीत, तर लक्षावधी सूक्ष्म रेषांवर शोषतात. त्या एकेक मोजीत बसल्यास शतकाचे भाकीत हाती येणेच नाही, म्हणून पाषाणच्या प्रारूपातली 'आरआरटीएम' ही आज्ञावली अवरक्त किरणांचा सारा पट्टा सोळा भागांत बसवते. अशा काटकसरीची पहिली मोठी झडती १९८४ च्या सुमारास सुरू झाली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रेषावार गणिते परस्परांशी टक्क्याभराच्या फरकाने जुळली, परंतु ढोबळ आज्ञावल्यांत दहा ते वीस टक्क्यांची तफावत निघाली. आणि कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने होणारा फेरफार तर चौरस मीटरला जेमतेम चार वॅट! दुपटीआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांच्या वजाबाकीत बरीच चूक कटते, हे मान्य. सगळीच कटते, असे म्हणण्याची मात्र सोय नव्हती.

तथापि दोन कुलकर्ण्यांची दप्तरे तंतोतंत जुळली म्हणजे शिवाराची मोजणी झाली, असे कोणताही मामलेदार मानीत नसे. त्या झडतीतून निघालेला खरा धडा हाच होता, आणि म्हणूनच अमेरिकन सरकारने ओक्लाहोमाच्या मैदानात उपकरणे रोवून आकाशच साक्षीला बोलावले. वायूंचे रेणू ओक्लाहोमात आणि मावळातल्या कामशेतात एकच, हे खरे; ढग आणि धूळ मात्र एक नव्हेत.

गणित निरीक्षणावर पारखण्याच्या बाबतीत पुण्याचा अनुभव जुना आहे. येथील हवामान खात्याच्या कृषिशाखेचे प्रमुख एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन यांच्यासह १९३२ मध्ये दाखविले की, निरभ्र व निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीलगत नसून तिच्यावर वीत-दोन वीत असते. पाश्चात्य पंडितांनी प्रथम याकडे संशयाने पाहिले; १९९३ मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी प्रारणाच्या आधारे त्याची उपपत्ती मांडली, आणि ती ग्राह्यही ठरली. पुढे २००९ मध्ये प्रारणाचे अभ्यासक एडवर्ड्स यांनी दाखविले की, त्या ढोबळ गणितात जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या किरणांची वर्णपटीय जातकुळीच हरवत होती आणि जमिनीलगतचे शीतन अवास्तव फुगत होते. म्हणजे गणिताचे उत्तर निरीक्षणाशी जुळले, तेही चुकीच्या कारणाने! निरीक्षण तेवढे अबाधित राहिले.

आज्ञावल्या अशा निरीक्षणांवर पारखण्याच्या कामास मावळ जितका योग्य, तितके दुसरे ठिकाण मला दिसत नाही. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि चौसष्ट किलोमीटरवरील पुण्यास सातशेच्या घरात. ही सारी उतरंड सुमारे दोनशे किलोमीटरच्या चौकटींत जग मोजणाऱ्या पाषाणच्या प्रारूपात एका आकड्यात गडप होते. महाबळेश्वरी २०१२ पासून संस्थेची मेघप्रयोगशाळा आहे, मध्य प्रदेशात सिलखेड्यासही आता वेधक्षेत्र झाले. पण घाटमाथ्यावरचा ढग जेथे काही कोसांत विरतो, तो नाणे मावळ आणि पवन मावळचा टापू या दोहोंत येत नाही. लोणावळा, कामशेत आणि तळेगाव येथे वर जाणारे व खाली येणारे प्रारण अहोरात्र नोंदणारी तीन कायमची ठाणी उभारावीत, हिवाळ्यात पवन मावळच्या मोकळ्या खाचरांत रामदासांचे वेध पुन्हा घ्यावेत, आणि ते दप्तर कोणत्याही आज्ञावलीच्या कर्त्यास विनाअर्ज खुले ठेवावे.