भैरवी लागेना!

गेल्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला आमच्या घरी पहाटे अभ्यंगस्नाने झाली, पायाखाली कारीट फुटले, फराळ झाला, चहाही दोनदा झाला. पण भैरवी काही लागली नाही.

या सदराच्या वाचकांना आमचे अण्णा ठाऊक आहेत. वय वर्षे चौऱ्याऐंशी. सकाळी काय खाल्ले हे त्यांना दुपारी आठवत नाही. परंतु कोणत्या नाटकात कोणते पद कोणी गाइले, हे त्यांना केव्हाही विचारावे. त्या पहाटे नवा सदरा घालून ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अरे, ज्योत्स्नाबाईंची ती भैरवी लाव. 'कुलवधू'तली. आपली."

'आपली' या शब्दात सगळी मेख होती. 'कुलवधू' हे नाटक १९४२ सालचे. त्यातली ज्योत्स्ना भोळे यांची भैरवी आज कोणालाही मोबाइलवर ऐकता येते. अण्णांना हवी होती ती मात्र वेगळी. माझ्या लहानपणी रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्या सर्वांना गप्प बसवून, त्यांनी ती कॅसेटवर उतरवून घेतली होती. ती जगात एकच आहे आणि आमच्या घरात आहे. घरात म्हणजे नेमकी कोठे, एवढाच प्रश्न होता.

अण्णांच्या चारशे कॅसेटी, माझ्या सीडी, मित्रांनी दिलेले आणि कोठून आले हे सांगणे अवघड असे मिळून एकंदर ४१,००० फाइली मी एका हार्ड डिस्कवर जमवल्या होत्या. टीव्हीच्या मागे तळहाताएवढा एक संगणक बसवला होता आणि त्यात 'मीडिया सेंटर' म्हणतात त्या जातीचे सॉफ्टवेअर घातले होते. पडद्यावर गायकांची नावे आणि चित्रे दिसावीत, कळ दाबावी की गाणे हजर, असा आमचा त्याच्याशी करार होता. दोनशे गाणी होती तोवर त्याने तो इमानाने पाळला.

नरकचतुर्दशीला मात्र पडद्यावर नुसते एक चक्र फिरत राहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. मी वैतागून संगणक बंद केला व पुन्हा सुरू केला. म्हणजे चक्र पुन्हा पहिल्यापासून! अखेर अण्णांनी विचारले, "आपण कशाची वाट बघतोय रे?"

मी सांगितले. "हो का?" एवढेच ते म्हणाले. पुन्हा त्यांनी गाणे मागितले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

हे मला फार लागले. माणूस सगळा राग यंत्रावर काढतो, तसा मीही काढला आणि नवा संगणक आणायला निघालो. आमची कन्या अकरावीत आहे. तिने दारातच अडवले. "बाबा, थांब जरा. तो रिकामा नाही बसलेला, काहीतरी करतोय. काय करतोय ते तरी बघू."

काय करीत होता म्हणता? मोजदाद! सुरू झाल्याबरोबर सगळा संग्रह पुन्हा तपासायचा, अशी सूचना मीच कधी तरी त्याला देऊन ठेवली होती. प्रत्येक फाइल उघडायची, आतली चिठ्ठी वाचायची, मिटायची. एका फाइलला सेकंदाचा दहावा भाग धरला तरी ४१,००० फाइलींना चार हजार शंभर सेकंद, म्हणजे एक तास आठ मिनिटे लागतात. त्यात हार्ड डिस्क आतल्या खोलीत आणि संगणक बाहेरच्या. प्रत्येक विचारणा वायफायवरून जाणार आणि उत्तर घेऊन येणार. एक मोठी फाइल आणायला वायफाय पुरते. हजारो लहानसहान हेलपाटे घालताना मात्र त्याची दमछाक होते. शिवाय डिस्क फिरती. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. सेकंदाचे जेमतेम पाचसहा सहस्रांश. पण हजारो वेळा!

दुसरा घोळ चित्रांचा. प्रत्येक फाइलच्या पोटात मी हौसेने कॅसेटच्या वेष्टनाचे भलेमोठे छायाचित्र घातले होते. साध्या १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीत तीन मिनिटांचे पद तीन एमबीत मावते. माझी चित्रेही तेवढीच. नवरीपेक्षा दागिने जड! बिचारे यंत्र ती सगळी उघडून, लहान करून, पुन्हा जपून ठेवीत होते. आणि ठेवीत कोठे होते? ज्या मेमरी कार्डावर त्याची नोंदवहीही होती, तेथेच. असली कार्डे एक लांबलचक चित्रपट सुखाने साठवतात. इकडे एक ओळ, तिकडे एक ओळ असे लिहायला लावले की रडकुंडीस येतात.

कन्येने दोन रविवारांत सारे मार्गी लावले. आपोआप होणारी मोजदाद बंद केली. फिरता भाग नसलेली एक लहानशी एसएसडी थेट संगणकाला जोडून गाणी आणि नोंदवही दोन्ही तिच्यावर हलवली. प्रत्येक कॅसेटला एकच, आटोपशीर चित्र ठेवले. चक्र नाहीसे झाले. मी विजयी मुद्रेने 'ज्योत्स्ना भोळे' शोधायला गेलो, तर भैरवी नाही ती नाहीच!

कारण चिठ्ठ्याच धड नव्हत्या. एकाच गायिकेची नावे रोमन लिपीत चार तऱ्हांनी, देवनागरीत दोन तऱ्हांनी. आणि हजारो फाइली 'अज्ञात कलावंत' या एकाच थोर गवयाच्या नावावर. एमपी-थ्रीला चिठ्ठी जोडण्याची पद्धत १९९६ साली निघाली, तेव्हा फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची जागा होती आणि त्यात गायकाच्या नावाला तीस. यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. 'ज्योत्स्ना' एवढे लिहिले की दहा चिन्हे, तीस बाइट संपले. 'भोळे' दाराबाहेर उभे! १९९८ च्या सुधारित पद्धतीने ही अडचण दूर केली. पण चिठ्ठी मुळात लिहायला तर हवी? ते काम कोणतेही यंत्र माझ्यासाठी करणार नव्हते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांतला चौथा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तक मिळायला उशीर झाला की मी तो मोठ्या तोऱ्यात ऐकवीत असे. माझ्या स्वतःच्या घरात मात्र चाळीस हजारांचा ढीग होता. आणि ज्याचा वेळ मी दवडीत होतो, त्याच्यापाशी तो फार शिल्लक नव्हता.

मग मे महिन्याची सुटी आम्ही तिघांनी चिठ्ठ्या लिहिण्यात घालवली. नावे नसलेल्या कॅसेटींतली गाणी मी लावायची, अण्णांनी ओळखायची, नातीने लिहायची. पहिल्या आलापालाच ते सांगत, "हिराबाई." "हे मास्टर कृष्णराव." काही वेळा डोळे मिटून बराच वेळ गप्प बसत आणि म्हणत, "नाही रे आठवत." तेव्हा माझ्या पोटात धस्स होई. सारी सूची त्या एका डोक्यात होती. तिची दुसरी प्रत आम्ही कधी काढलीच नव्हती. हे काम पाच वर्षांपूर्वी केले असते, तर कितीतरी अधिक नावे मिळाली असती. अजून दीडशे कॅसेटी व्हायच्या आहेत. रोज संध्याकाळी एक, असा नेम ठेवला आहे.

आपली भैरवी अखेर जूनमध्ये सापडली. 'साइड बी ७' एवढेच तिचे नाव होते. मी ती दिवाळीसाठी राखून ठेवणार होतो. पण गेल्या रविवारी सकाळी अण्णांनी आपण होऊन मागितली. वर्षभरात पहिल्यांदाच. मी कळ दाबली आणि दुसऱ्या क्षणाला सूर आले.

रेडिओची खरखर होती, लांब कोठे तरी सायकलची घंटा होती. कन्या मागे म्हणाली होती की, हे आवाज पुसून टाकता येतात. अण्णांनी "खबरदार!" म्हणून दरडावले होते. का, ते आता कळले. पद संपता संपता आईचा आवाज आला. गप्प बसायची ताकीद ती विसरली असावी. तिला जाऊन नऊ वर्षे झाली.

"अहो, चहा टाकू का?"

अण्णांनी डोळे मिटलेलेच होते. "टाक," ते म्हणाले.

मी उठलो आणि चहा टाकला.