आमच्या पोरांनी प्रबंधाचा विषय कुठे शोधावा?

गेल्या महिन्यात विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसवर एक मुलगी आली. मिरज तालुक्यातल्या खेड्यातली, बौद्ध घरातली. इथे भाड्याच्या खोलीत राहून इतिहासात एम.ए. करते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प सक्तीचा झाला आहे. तिने आपल्याच गावातल्या महारवतनाचा विषय सुचवला होता. मार्गदर्शकांनी तो बाजूला सारला. हा इतिहासाचा नव्हे, जातीचा विषय आहे आणि साधनेही मिळणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी एका संस्थानिकाच्या शैक्षणिक कार्याचा तयार विषय तिच्या हातात दिला. कॉलेजचे नाव मी लिहीत नाही. असे उत्तर एकाच कॉलेजात मिळते, अशातलाही भाग नाही.

"काका, साधनं खरंच नाहीत का?" एवढेच तिने विचारले.

मी उत्तर दिले नाही. कपाटातून एका जुन्या दाव्याची फाईल काढून तिच्यासमोर ठेवली. वतनी जमिनीचे दावे वकिलीत वर्षानुवर्षे चालवतो आहे. त्या फाईलमध्ये सातबारा होता, जुने फेरफार होते, इनामपत्रकाचा उतारा होता. कोणत्या साली कोणत्या घराचे नाव चढले, कोणाचे उतरले, कोणी कोणाला हिस्सा दिला, सारे तलाठ्याच्या आणि सर्कलच्या सहीनिशी. इतिहासाचे प्राध्यापक साधन म्हणतात ते आणखी वेगळे काय असते?

तरुण वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. 1874 च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारने महाराची गावकी कायद्याच्या चौकटीत बसवली. तुटपुंजी जमीन आणि दारोदारचे बलुते, त्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी. काम एकाकडे असले तरी राबायचे सगळ्या घराने. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ते तडीस गेले नाही, 1929 मध्ये मागे घ्यावे लागले. 1939 च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद भरली. अखेर कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा 1958 चा कायदा 1 ऑगस्ट 1959 पासून अंमलात आला. जमीन सरकारजमा झाली आणि ठरलेली रक्कम मुदतीत भरणाऱ्याला ती परत देण्यात आली, पण नवीन आणि अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, वाटता येत नाही. ज्याने मुदतीत पैसे भरले नाहीत त्याचा हक्कच धोक्यात. रक्कम फार मोठी नव्हती. पण नोटीस वाचून दाखवणारे घरात कोणी होते का, हा प्रश्न कोणी विचारला आहे?

आता आपल्या भागाकडे पाहा. सांगली, मिरज, बुधगाव ही पटवर्धनांची संस्थाने 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यांच्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 सालीच महारवतने मोडून जमिनी स्वतंत्रपणे नावे करून दिल्या. 1920 ची माणगाव परिषद इथून तासाभराच्या वाटेवर झाली. एका संस्थानात गावकी सुटली आणि शिवेपलीकडच्या संस्थानात काय चालले होते? तिथल्या महाराने, मांगाने, रामोशाने शेजारची बातमी ऐकून काही हालचाल केली का? हा शुद्ध इतिहासाचा प्रश्न आहे. याला जातीचा विषय म्हणून हाकलायचे आणि संस्थानिकाने शाळा बांधली तो मात्र इतिहास! संस्थानिकाला जात नव्हती काय?

पण सगळा दोष मार्गदर्शकांच्या माथी मारून आपली सुटका नाही. आपली पोरे स्वतःहून विषय निवडतात तेव्हा काय निवडतात? 'डॉ. आंबेडकरांचे शेतीविषयक विचार', 'शिक्षणविषयक विचार', 'स्त्रीविषयक विचार'. छापील खंडांतले उतारे काढायचे, मधे दोन वाक्ये आपली घालायची, शेवटी वंदन करायचे. बारा प्रकरणे वाचली तरी खंडांत नव्हते असे काही हाती लागत नाही. याला भक्ती म्हणा, संशोधन म्हणू नका. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली मुले 2023 साली आझाद मैदानावर बसली, ते योग्यच होते. त्या फेलोशिपवर शोधायचे काय, ही चर्चा मात्र आपल्या शिबिरांत क्वचितच होते.

खुद्द बाबासाहेबांनी कोणते विषय घेतले ते आठवा. 9 मे 1916 रोजी कोलंबियात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. पदवीच्या प्रबंधासाठी मात्र प्रांतिक वित्तव्यवस्था घेतली. 1833 पासूनचे सरकारी हिशेब आणि अहवाल उपसून साम्राज्य आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला हे मांडले. लंडनला रुपयाचा प्रश्न हाती घेतला. परीक्षकांच्या आग्रहाने त्यांना तो प्रबंध पुन्हा लिहावा लागला, पण निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत. सरकारच्याच कागदातून सरकारविरुद्ध पुरावा काढायचा ही त्यांची रीत. आम्ही वकील कोर्टात याहून वेगळे काही करत नाही.

आपल्या चळवळीवर पहिले प्रबंध कोणी लिहिले? एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकर आणि महार चळवळीवर 1969 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. गेल ऑम्व्हेट यांनी 1873 ते 1930 च्या ब्राह्मणेतर चळवळीवर कॅलिफोर्नियात, 1973 साली. पुढे गेलताई आपल्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्याच झाल्या आणि 2021 साली तिथेच गेल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. पण सातासमुद्रापलीकडून बाई येऊन आमचे कागद वाचते आणि आम्ही बस पकडून तहसीलला जात नाही, याची थोडी लाज वाटायला हवी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली काढले. चळवळीतल्या बायांच्या घरी जाऊन, समोर बसून बोलते करून. त्या बाया गेल्या असत्या तर कोणत्या दप्तरात हे सापडले असते?

आज घाई आहे ती याचीच. 1959 साली जो पोरगा पंधरा वर्षांचा होता तो आज ऐंशी ओलांडून गेला. येसकराची पाळी कशी लागायची, 1956 च्या धर्मांतरानंतर मेलेली ढोरे ओढायला नकार दिला तेव्हा गावाने काय केले, हे सांगणारी माणसे दर पावसाळ्यात कमी होत आहेत. कागद काही वर्षे थांबेल. म्हातारी थांबणार नाही.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले, जिल्हा घेऊ नकोस, तालुकाही नको. एक गाव घे. 1918 ते 1959 एवढाच काळ घे. मोडी शिक, पुराभिलेख खात्याची परीक्षा असते. विषयाचे शीर्षक सरकारी भाषेत लिही, 'कनिष्ठ गाव वतनांची अखेर'. कायद्याच्या नावातच 'कनिष्ठ' आहे, त्यावर कोणता मार्गदर्शक हरकत घेईल? (वकिली सल्ला आहे, फी घेतली नाही.)

आणि एक कडू गोष्टही सांगितली. दप्तर उघडले की आपल्याला न आवडणारेही निघते. भावकीने एकमेकांचा हिस्सा लाटलेला दिसेल. बहिणींची नावे गाळलेली दिसतील. आपल्याच एखाद्या पुढाऱ्याच्या आज्याने अंगठे घेऊन जमीन दुसऱ्याच्या घशात घातलेली दिसेल. तेही लिहायचे. गाळलेस तर तुझ्यात आणि संस्थानिकाचे गोडवे गाणाऱ्यात फरक कोणता?

ती जरा गप्प झाली. मग वहीत काहीतरी लिहून घेऊन गेली.

मागच्या बुधवारी तिने फेरफारांच्या नकलांसाठी अर्ज टाकला. मार्गदर्शकांनी नव्या शीर्षकावर अजून सही केलेली नाही. आराखडा ठेवून जा म्हणाले. येत्या रविवारी ती आजीला घेऊन गावच्या हाडकीच्या रानात जाणार आहे. आजीला गट नंबर सांगता येत नाही, पण बांधावरची चिंच कुठवर होती ते ती पाऊल मोजून दाखवते.