ताटलीपाशी गुरगुर

कुत्रं खाताना गुरगुरलं की आपल्याकडे पहिला हात काठीकडे जातो. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजतंय’, ‘माजलंय’, ‘आत्ताच खोड मोडा, नाहीतर उद्या अंगावर येईल’ हे दिवाळीपासून आमच्या ओट्यावर टेकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ऐकवलं. दूध न्यायला येणाऱ्याने तर सरळच सांगितलं, “वहिनी, दोन हाणा, लगेच ताळ्यावर येईल.” दुसरा पक्षही तितकाच ठाम होता, “गुरगुरू द्या की. वस्तीवर कडकच कुत्रं पाहिजे. बिबट्या काय लांब आहे?” मला दोन्ही सल्ले पटत नाहीत आणि ते का, हे आज नीट लिहायचं आहे. संगमनेरच्या आसपास वस्तीवस्तीवर अशी अर्धवट वयाची कुत्री आहेत आणि त्यांच्या ताटलीपासून हातभर अंतरावर आपली लहान पोरं खेळत असतात.

खंड्या आमच्या प्रवरेकाठच्या वस्तीवर आला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. कारखान्याचा हंगाम संपला, ऊसतोडीची टोळी गावाकडे निघाली, कोप्या मोडल्या आणि त्या मोकळ्या रानात पिल्लं तेवढी मागे राहिली. त्यातलं हे एक पुतणीने ओढणीत गुंडाळून आणलं. तेव्हा त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. आता दहा महिन्यांचा झालाय, छाती भरलीय, आणि रात्री उसाच्या बाजूला पाचट जरा वाजलं की सगळ्यांच्या आधी त्याचा आवाज उठतो. दिवाळीच्या सुमारास त्याने आपल्या जर्मनच्या ताटलीची राखण सुरू केली.

ही राखण कशी चढत जाते ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. कुणी जवळून गेलं की आधी त्याचं चावणं थांबतं. तोंड ताटलीतच, पण जबडा हलत नाही. मान खाली, खांदे ताठ. मग डोळा तिरका फिरतो आणि कडेचं पांढरं दिसू लागतं. त्यानंतर एकदम घाई, न चावता गपागप गिळणं. मग ओठाची कड वर सरकते. गुरगुर येते ती या सगळ्याच्या नंतर. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्याच्या अशा इशाऱ्यांची एक शिडीच मांडली आहे. अगदी खालच्या पायरीवर जांभई देणं, नाक चाटणं, मान फिरवणं आणि अगदी वरच्या पायरीवर चावा. आपल्याला खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. मग ‘एकदम अंगावर आलं’ असं आपण सांगत सुटतो.

गुरगुरण्याबद्दल मारलं तर काय होतं? गुरगुर थांबते, हे खरं. पोटातली धास्ती तशीच राहते, वर मार खाल्ल्याची भर पडते. पुढच्या वेळी ते कुत्रं मधल्या पायऱ्या गाळून थेट दात लावतं. मेगन हेरन या अमेरिकी पशुवैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं की तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्याने काय केलं. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांच्या अंगावर कुत्रं उलटलं होतं. तोंडातली वस्तू जबरदस्तीने सोडवू पाहणाऱ्यांचा अनुभवही फारसा वेगळा नव्हता.

मालकी दाखवली पाहिजे, मधूनमधून ताटली ओढून घ्यायची म्हणजे त्याला धनी कोण ते कळतं, ही समजूत शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही पक्की आहे. तिचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने कळपाचा ‘आल्फा’ म्हणजे मारून-दाबून वर आलेला म्होरक्या, ही कल्पना घरोघर पोचवली. पुढे रानातल्या लांडग्यांमध्ये वर्षानुवर्षं काढल्यावर मेक यांनीच १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. त्यांनी स्वतः ती कल्पना सोडली, लोकांनी मात्र अजून सोडलेली नाही. तिचा त्रास कुत्र्यांना होतो आणि चावा बहुतेकदा घरातल्या पोराला बसतो.

खंड्याकडे पाहिलं तर यात माज कुठे दिसतो? त्याचं पिल्लूपण कोपीवरचं. आईच अर्धपोटी, पिल्लं चार आणि भाकरीचा तुकडा एक. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. पिल्लं मोठी होत जातात तशी आई त्यांच्यासाठी घास सोडणं कमी करते आणि खाण्यावरून आई-पिल्लांतही झटापट होऊ लागते, हे त्यांनी टिपलं आहे. म्हणजे तोंडातला घास कुणीतरी नेणार, हे ते पोर दूध सुटायच्या आतच शिकलेलं असतं. इकडे आल्यावर दिवसा साखळी, आणि ताटली सकाळपासून संध्याकाळपर्यंत साखळीच्या टप्प्यात पडलेली. कोंबड्यांच्या ते लगेच ध्यानात आलं. तो जरा डोळा मिटून पडला की त्या शितं टिपायला येत, मग कावळे. पळून जायला जागा नाही आणि आपलं तेवढं वाचवायचं, अशा जागी बांधलेल्या जनावराने आधी कोंबडीवर, मग मांजरावर, मग ताटली उचलायला आलेल्या माणसावर गुरगुरावं, यात मला नवल वाटत नाही.

त्यात हे वय. लूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली अंधांच्या सोबतीसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांची पाहणी छापली. पाच महिन्यांची असताना जी कुत्री ‘बस’ म्हटलं की बसत होती, तीच आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचं ऐकेनाशी झाली. परक्याने सांगितलं की मात्र ऐकत. ज्यांच्या घरात नववी-दहावीतली मुलं आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. ही हट्टाची लाट ओसरते. ताटलीची राखण मात्र वयाबरोबर आपोआप जाईल म्हणून वाट बघण्यात धोका आहे. रोज कुणीतरी ताटली ओढत राहिलं तर ती पक्की होते.

कडक कुत्र्याच्या हौसेबद्दलही बोललं पाहिजे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो याचा हिशेब काढला. त्याच्या खाण्याच्या वजनात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. उसातून आलेला बिबट्या कुत्रं कडक आहे की मऊ ते पाहत नाही. वस्तीला उपयोग होतो तो वेळेवर उठलेल्या भुंकण्याचा, आणि ते भुंकणं भाकरीवरून पोरावर धावून जाण्याने वाढत नाही. पोरावर धावणारं कुत्रं शेवटी गोठ्याच्या पार कडेला, अंधारात बांधलं जातं आणि बिबट्याला आयतं सापडतं.

नामदेवांची गोष्ट आपल्या कानावर लहानपणीच पडलेली असते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे निघाले, कोरडी खाऊ नको म्हणून. गोष्ट भक्तीची आहे, तिचा अर्थ थोर आहे, आणि तिला कुत्र्याच्या शाळेत बसवायचा माझा इरादा नाही. तरी गेले काही दिवस ती माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याच्याकडे भाकरी आहे त्याच्याकडे जाताना नामदेवांच्या हातात तूप होतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली कुत्री पाळणाऱ्यांची एक मोठी पाहणी छापली. जेवताना ताटली काढून घेणाऱ्यांच्या घरी कुत्र्यांची राखण जास्त तीव्र दिसली आणि जेवता जेवता ताटलीत काही चवदार टाकणाऱ्यांच्या घरी कमी. अशा पाहणीतून कशामुळे काय झालं ते छातीठोक सांगता येत नाही. पण आपण कुठल्या दिशेने पाऊल टाकायचं, तेवढं मला त्यातून कळलं.

आम्ही करतो ते असं. खंड्याची जागा बदलली. आता तो गोठ्यामागच्या कोपऱ्यात जेवतो, तिथे कोंबड्या आणि पोरं जात नाहीत. जेवण वेळेवर आणि ठरावीक, उरलं तर तो फिरायला गेल्यावर ताटली उचलायची. ताटलीत रोजचंच, कुस्करलेली भाकरी आणि दूध. तो खात असताना, त्याचं अंग सैल राहील इतक्या लांबून, मी चालत जाते, उकडलेल्या काळजाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ताटलीकडे टाकते आणि न थांबता पुढे निघून जाते. थबकायचं नाही, टक लावायची नाही, पाठीवरून हात फिरवायचा मोह आवरायचा. तुकडा ताटलीतल्या खाण्यापेक्षा सरसच हवा, भाकरीवर भाकरी टाकून काही होत नाही. मला येताना पाहून तो मान वर करून, शेपटी सैल सोडून वाट बघायला लागला, तेव्हा पुढच्या खेपेला मी जरा जवळून गेले. अंग ताठ दिसलं की आपलं पाऊल घाईचं पडलं असं समजायचं आणि पुन्हा लांबून सुरुवात करायची.

घरातल्या एकाने हे केलं म्हणून सगळ्यांचं भागत नाही, प्रत्येक मोठ्या माणसाला आपली ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागते. आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सगळ्यात अवघड होतं. ते काठी टेकत चालतात आणि फरशीवर ती वाजली की खंड्या आधीच ताठरायचा. मग आप्पा ओट्यावरच बसून काठी एकदा हलकेच वाजवायचे आणि अंड्याचा तुकडा भिरकावायचे. काठी, अंडं. काठी, अंडं. आता ती टकटक ऐकली की तो ताटली सोडून आप्पांच्या तोंडाकडे बघतो.

पळवलेल्या वस्तूंनाही हाच नियम. चप्पल उचलली की आरडाओरडा करत मागे धावायचं नाही. तुकडा दाखवायचा, ‘सोड’ म्हणायचं, सोडली की तुकडा द्यायचा. सरावासाठी गोणपाटाचा तुकडा घ्यावा आणि त्याने सोडला की बक्षीस देऊन तोही परत करावा. सोडलं तरी आपलं जात नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे.

नसबंदी केली की हे जाईल, असंही कुणी म्हणालं. नसबंदी जरूर करावी, पिल्लं अशी रानात पडू नयेत म्हणून, पण ताटलीवरची राखण तिने जाते असा भरवसा नाही. राखण एकाएकी सुरू झाली असेल तर आधी पशुवैद्याला दाखवावं. दात, कान, सांधे, जंत, गोचिडांमुळे येणारा ताप, यातलं काहीही जनावराला चिडखोर करतं. आणि एकदा चावा बसला असेल, तर हे घरगुती प्रयोग बाजूला ठेवून जाणकाराची मदत घ्यावी.

मुलांना यात उतरवायचंच नाही. पुतणी खंड्याची सगळ्यात लाडकी, तरी तो खात असताना ती त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही. आणि कुत्र्याचा दात लागलाच, मग ते घरचं असो की दारचं, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, चुना-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करायची, डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस पुरे करायचे. रेबीज एकदा उमटला की त्यातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. ‘आपलंच कुत्रं आहे’ म्हणून घरी बसू नये.

हाडापाशी खंड्या अजून ताठरतो. शिजवलेली हाडं तशीही आम्ही देत नाही, त्यांच्या फाकळ्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. पण गावची यात्रा आली की वस्तीवर पंगती उठतील, पाहुणे मटणाची हाडं आंब्याखाली टाकतील आणि पोरांचा घोळका तिथेच खेळत असेल. त्या दिवशी खंड्या सकाळपासून गोठ्याशेजारच्या खोलीत राहील, त्याचं जेवण आप्पा नेऊन देतील, आणि पाहुण्यांपैकी कुणाला कुत्र्यांचा कितीही शौक असला तरी त्या दाराची कडी काढायची नाही, असं आम्ही आत्ताच ठरवून ठेवलंय.