डोंगरवाटेची थैली आणि आपले दायित्व

पौड-पिरंगुट परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हां वैद्यांना आणि औषधालयचालकांना शनिवारची सकाळ आता चांगलीच परिचयाची झाली आहे. पुण्याहून ताम्हिणीकडे निघालेली तरुण मंडळी दारात गाडी थांबवितात आणि विचारतात, "ट्रेकला चाललोय, बरोबर काय ठेवू?" प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देताना आपल्या हातून एक चूक झाली आहे, व ती व्यवसायबंधूंसमोर मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या उत्साहाने गिरिभ्रमणासाठी एक थैली तयार केली. तीत चूर्णे, वटी व तेल यांच्याबरोबर सर्पदंशासाठी रबरी पट्टी आणि पातेही ठेवले. पुढे एका तरुणास उतरणीवर पायास दंश झाला. साप कोणता, हे कोणी पाहिले नाही. सोबत्यांनी थैलीतील पट्टी करकचून बांधली, जखमेवर पाते फिरविले आणि 'उपचार झाला' या समजुतीने त्यास दोन तास चालवीत खाली आणले. रुग्णालयात तो वाचला. पण पायाची जखम भरण्यास कित्येक महिने लागले. त्या जखमेस सापाइतकीच आमची थैलीही कारणीभूत होती, हे आम्हांस नाकारता येत नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विषाचे चोवीस उपक्रम सांगितले आहेत. अरिष्टाबंधन, उत्कर्तन, चूषण हे त्यांतच येतात. ज्या काळी प्रतिविष उपलब्ध नव्हते, त्या काळी हे उपक्रम म्हणजे शेवटचा आधार होता. आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष आपल्या देशात तयार होते. घट्ट बंधनाने अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. अशा वेळी घातलेला छेद म्हणजे न थांबणाऱ्या रक्तस्रावास आमंत्रणच होय. ताम्हिणीचा घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचविले. खेड्यातल्या रुग्णाजवळ बसून, पाहून आणि नोंदवून त्यांनी हे ज्ञान मिळविले. आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांनाही प्रमाण मानणाऱ्या आपल्या परंपरेस असे ज्ञान परके वाटण्याचे कारण नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, आपल्या थैलीतून पट्टी आणि पाते कायमचे काढून टाकावे. त्यांच्या जागी लांब सुती पट्टा ठेवावा. दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर ठेवण्यास तो उपयोगी पडतो. अंगठी, कडे, बूट लगेच काढावे, दंशाची वेळ लिहून ठेवावी, रुग्णास चालू न देता उचलून न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लेप, काढा, वटी यांत एक क्षणही दवडू नये.

आता थैलीत काय असावे, याविषयी. येथे देश, काल आणि प्रकृती ही आपली जुनीच कसोटी उपयोगी पडते. वाग्भटाचार्यांनी वर्षा ऋतूत नदीचे पाणी, दिवसाची झोप, अतिश्रम आणि ऊन वर्ज्य सांगितले; आणि नेमक्या त्याच ऋतूत मुळशीच्या वाटा माणसांनी फुलतात. 'जाऊ नका' म्हटल्याने कोणी थांबत नाही. तेव्हा त्या उपदेशाचा आशय थैलीत उतरविणे, हेच शहाणपण होय. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नये. सुंठ घालून उकळलेले पाणी घरून न्यावे. अग्नी मंद असल्याने वडापावाऐवजी भाकरी, मुगाची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर असा आहार असावा. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. भिजलेल्या अंगावर घाटाचा वारा लागला की धट्टाकट्टा माणूसही गारठतो. शरद व ग्रीष्म ऋतूंत माणशी किमान तीन लिटर पाणी, जलसंजीवनीची पाकिटे आणि डोक्यास उपरणे हवे. विजेरी, शिट्टी व चार्ज केलेला मोबाइल सर्व ऋतूंत हवाच. अंधारबनची वाट पिंपरीहून निघून थेट भिऱ्यास उतरते. अर्ध्यावर पोहोचल्यावर मागे फिरणेही तितकेच कठीण असते, हे ध्यानात ठेवूनच थैली भरावी.

आपल्या औषधांपैकी अपचनासाठी शंखवटी, जुलाबासाठी कुटजघनवटी, घशासाठी खदिरादी वटी, खरचटल्यावर जात्यादी तेल आणि मुक्कामी पाय चोळण्यास नारायण तेल, एवढे पुरे. मात्र दम्याचा पंप, मधुमेहाची वा रक्तदाबाची नित्याची औषधे प्रथम ठेवावयास सांगावीत, मग ती कोणत्याही पॅथीची असोत. 'नैसर्गिक उपाय आहे, ते सोबत नको' असे सांगणारा वैद्य आपला नव्हे. परतल्यावर पंधरवड्यात ताप आल्यास केवळ त्रिभुवनकीर्तीवर विसंबू नये. साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून चालणाऱ्यास लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. रक्ततपासणी करून घ्यावी.

एक वस्तू अशी की जिला वजन नाही. आपले आचार्य व्यायाम अर्धशक्तीने करावा, असे सांगतात. कपाळावर व काखेत घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धी शक्ती संपली. तेथे थांबावे, पाणी प्यावे, सोबत्यांचीही चौकशी करावी. घनगडाची वा तैलबैलाची चढण चढणाऱ्या नवख्यास हा नियम कोणत्याही यंत्राहून उपयुक्त ठरेल.

आणि काही दिवस असे असतात की थैली भरूच नये. जुलै २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात ताम्हिणी येथे अवघ्या २४ तासांत ५५६ मि.मी. पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात सबंध वर्षात सरासरीने सातशे-साडेसातशे मि.मी. पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिवसाचे रौद्र रूप कळते. हवामान विभागाचा लाल इशारा असताना दारात आलेल्या मंडळीस चूर्ण विकण्यापेक्षा घरी परतण्याचा सल्ला देणे, हीच खरी निदानपरिवर्जन चिकित्सा होय. त्या दिवशी गल्ला थोडा रिकामा राहील, राहू द्यावा.

व्यवसायबंधूंस आमची विनंती एवढीच, की आपल्या औषधालयातील अशी प्रत्येक थैली एकदा उघडून पाहावी. हानिकारक ते काढावे आणि आत एक चिठ्ठी ठेवावी: एका बाजूस थैलीतील औषधांचा उपयोग, दुसऱ्या बाजूस 'या गोष्टींवर यात औषध नाही, थेट रुग्णालयात जावे' अशी यादी. ही दुसरी बाजू छापण्यास आम्हांस पुष्कळ उशीर झाला. आपणांस तो होऊ नये.