ओझरची धावपट्टी आणि वणीची मुले

वणीहून पिंपळगावमार्गे ओझरला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस द्राक्षाचे मळे आहेत, आणि ओझरला पोहोचता पोहोचता विमानांचा आवाज कानी येऊ लागतो. साठ वर्षांहून अधिक काळ तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा सरकारी कारखाना उभा आहे. मिग आणि सुखोई विमाने तेथील कामगारांच्या हातांनी जोडली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात याच कारखान्यात एचटीटी-४० या प्राथमिक प्रशिक्षण विमानाचे उत्पादन सुरू करण्यात आले. वैमानिकाला शिकविणारे यंत्र जेथे घडते, त्या दिंडोरी-निफाड पट्ट्यातील कष्टकऱ्यांची किती मुले वैमानिक होऊ शकतील, हा प्रश्न मात्र त्या समारंभात कोणाला सुचला नाही.

नियमाप्रमाणे व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण पुरे आहे. पण त्या दोनशे तासांची किंमत आज अर्ध्या कोटीच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही अधिक पडते. परवाना हाती आला तरी नोकरी मिळत नाही. ज्या जातीचे विमान चालवावयाचे त्याचे 'टाइप रेटिंग' पुन्हा पदरच्या लाखो रुपयांनी घ्यावे लागते. ओझरच्या कारखान्यात फिटरचे काम शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलाला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन मिळते. वैमानिकाने मात्र नोकरी मागण्यापूर्वीच बापाची जमीन गहाण टाकावयाची! मालकाला लागणारे कौशल्य कामगाराने स्वखर्चाने तयार करून द्यावे, असा हा अजब व्यवहार आहे.

आणि मालकांना सार्वजनिक पैशाचे वावडे आहे असेही नाही. २०१६ च्या 'उडान' योजनेत प्रादेशिक विमान कंपन्यांची तूट प्रवाशांवरील आकारणीतून व राज्यांच्या वाट्यातून भरून दिली जाते. त्याच योजनेतून २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनची एकोणीस आसनी विमाने ओझरहून उडू लागली. २०२० च्या एप्रिलमध्ये कंपनीने सेवा थांबविली आणि सर्व कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठविले. नफ्याची हमी सरकारने घेतली होती. वैमानिकाच्या कर्जाच्या हप्त्याची हमी कोणी घ्यावयाची?

वैमानिक हा भरपूर पगाराचा माणूस, त्याची काळजी कष्टकऱ्यांच्या चळवळीने कशासाठी वाहावी, असे काही कार्यकर्ते म्हणतील. पगार मोठा आहे, पण तो कमांडरचा. उमेदवारीच्या वर्षांत त्यातील बराचसा भाग बँकेकडे जातो. शिवाय २०१७ च्या नियमाने कमांडरला राजीनाम्यानंतर बारा महिने आणि सहवैमानिकाला सहा महिने बांधून ठेवले आहे. कामगाराला वर्षभर दावणीला बांधणारा हा नियम तत्परतेने अमलात येतो. उलट, वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर होऊनही टप्प्याटप्प्याने २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला. तो पूर्ण लागू होताच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण पुरेसे वैमानिकच नव्हते. कंपनीने भरती रोखून ठेवली, असा वैमानिक संघटनेचा आरोप होता. शासनाने काय केले? रात्रपाळीच्या नियमातून कंपनीला तात्पुरती सूट दिली! थकलेल्या वैमानिकाच्या मागे बसलेल्या प्रवाशांचा विचार त्या सुटीत कोठे होता, ते शोधावे लागेल.

प्रशिक्षणाची साधने महाराष्ट्रात नाहीत असे नव्हे. धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया, नागपूर येथे धावपट्ट्या आहेत, उड्डाणशाळा आहेत. नाही ती केवळ गरिबाला आत येण्याची वाट. दिंडोरी हा आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ आहे. तेथील आश्रमशाळेतून बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेऊन उत्तीर्ण होणाऱ्या मुलीला या शाळांचे दार शुल्काच्या पहिल्याच ओळीत बंद होते. 'उडान'चे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या करारात ठरावीक उमेदवारांना विद्यावेतनासह स्वखर्चाने शिकविण्याची अट घालावी. सरकारच्या मालकीच्या अलायन्स एअरपासून त्याची सुरुवात करावी. राज्याने अनुदानातील आपला वीस टक्के वाटा देताना ही अट मांडण्यास केंद्राच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. दिंडोरी आणि निफाडच्या कार्यकर्त्यांनी आपल्या आमदारांकडे, खासदारांकडे ही मागणी येत्या अधिवेशनापूर्वीच लेखी नोंदवावी.